मुक्या सिनेमाची बोलकी चित्रं

दोस्तांनो, गोखिवऱ्याहून वसई स्टेशनकडे जाताना रस्त्यावरचे फ्लेक्स कधी मोजलेत? मशीनमधून भराभर छापून निघतात, रातोरात लागतात आणि चार दिवसांत उतरतात! पण एके काळी सिनेमाचं पोस्टर म्हणजे कुणीतरी हाताने रंगवलेलं चित्र असायचं. खोटं वाटतं? घरी आजोबांना विचारा.

अशाच एका रंगाऱ्याची ही गोष्ट. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. वडील लाकडात आणि लोखंडात कसबी. बाबूराव चित्रकला शिकले ती पाहून आणि करून. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या जोडीने ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर! लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तसं या भावांनाही सिनेमाचं वेड लागलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? खटपट चालू असतानाच, १९१६ साली आनंदराव गेले. दुसरा कुणी असता तर नाद सोडून देता. बाबूरावांनी सोडला नाही! शिष्य दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवला. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला.

आता विचार करा. सिनेमा मुका. रेडिओ, टीव्ही नाही. गावातल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. जाहिरातीत नुसती अक्षरं छापली, तर त्यांना कळणार काय? बाबूरावांनी कुंचला उचलला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. चित्र पाहिलं की कळायचं, गोष्ट कुणाची आहे! ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी तानाजीची लढाई पडद्यावर आणली, तीही विजेच्या दिव्यांचा प्रकाश वापरून. १९२४ साली ‘कल्याण खजिना’ आला. हे कल्याण म्हणजे आपल्या खाडीपलीकडचंच बरं का!

आणि खरी हुरहुर पुढेच आहे. त्या काळची फिल्म चटकन पेट घ्यायची, जुनी झाली की कुजायची. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज नाहीत. ‘कल्याण खजिना’ही नाही. पण त्याचं पोस्टर राहिलं! आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत त्याचं नाव घेतात. सिनेमा गेला, कागद टिकला.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी काढली. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी गेले.

आता एक काम तुमच्यासाठी. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला, ही गोष्ट तुम्हांला माहीत आहेच. या रविवारी तिचं पोस्टर काढा. अट एकच : एकही अक्षर लिहायचं नाही! मग ते शेजारच्या काकूंना दाखवा. त्यांनी गोष्ट ओळखली, तर समजा, जमलं!