उशिरा सापडलेले गणित

१९६३ च्या करारातून भूमिगत अणुचाचण्या वगळाव्या लागल्या. भूगर्भातील हादरा भूकंपाचा की स्फोटाचा, हे प्रत्यक्ष जागेवर न जाता ओळखता येईल काय, यावर महासत्तांचे एकमत झाले नाही. भूकंपमापकाची वेडीवाकडी रेघ आकड्यांत मांडून तिच्यातील निरनिराळ्या कंप्रता वेगळ्या काढणे हा एक मार्ग होता. परंतु १,०२४ आकड्यांच्या नोंदीला जुन्या रीतीने १० लाखांहून अधिक गुणाकार पडत. जेम्स कूली व जॉन ट्युकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या युक्तीने हा पसारा सुमारे १० हजारांवर आला. ट्युकींच्या कल्पनेचे मोल हेरून रिचर्ड गार्विन यांनी तिचा पिच्छा पुरविला, तो या हादऱ्यांसाठीच. गंमत अशी की, हीच रीत गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांसाठी लिहून ठेवली होती. ती लॅटिनमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि विस्मृतीत गेली.

आज डिजिटल संकेत-संस्करणाचा मोठा डोलारा, एमआरआयच्या चित्रापासून मोबाइलच्या संदेशवहनापर्यंत, या गणितावर उभा आहे. गणित अपुरे असल्याची सबब मात्र राजकारण्यांना उरलेली नाही. भूमिगत चाचण्यांनाही मनाई करणारा सर्वंकष करार १९९६ साली सह्यांसाठी खुला झाला; तो अद्याप अंमलात आलेला नाही.