सर्व्हर बंद पडला तर कोण येणार?

भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे यांनी बालाघाटचे नाव दूरवर नेले, पण या जिल्ह्याचा रोजचा व्यापार चालतो तो धानावर. बालाघाट, वारासिवनी, कटंगी इथल्या राईस मिल, आडती आणि ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांमध्ये खातेवहीची जागा आता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने घेतली आहे. तीन-चार कॉम्प्युटर एकाच हिशेबावर काम करू लागले की तो हिशेब ठेवायला वेगळे मशीन लागते, आणि प्रश्न उभा राहतो: सुटे भाग आणून सर्व्हर असेंबल करून घ्यावा, की कंपनीचा तयार घ्यावा? निकाल बहुधा कोटेशनच्या तळाशी असलेल्या आकड्यावर लागतो. खरे तर पाहायला हवे ते हे, की भर हंगामात, धानाचे ट्रक दारात उभे असताना, मशीन बंद पडले तर ते पुन्हा किती वेळात सुरू होईल.

असेंबल केलेले स्वस्त पडते, हे पुष्कळदा अर्धेच खरे असते. कारण तुलना सारख्या वस्तूंची नसते. स्वस्तातल्या मशीनमध्ये साध्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड आणि साधी मेमरी असते. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते, म्हणजे साठवलेल्या आकड्यातला एखादा बिट बदलला तर ती चूक पकडून दुरुस्त करणारी. ही काही पुस्तकी भीती नव्हे. गूगलने आपल्याच सर्व्हरची पाहणी करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेल्याचे दिसले. साध्या मेमरीत अशी चूक कळतही नाही. ती गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसू शकते. ईसीसी चालणारा बोर्ड, सर्व्हरसाठीच्या दोन डिस्क आणि दमदार एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) असे सगळे धरले, की असेंबल्ड आणि ब्रँडेड यांच्या किमतीतले अंतर बरेच आटते. अमेरिकेतल्या बॅकब्लेझ या डेटा साठवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये स्वतः बनवलेल्या स्वस्त सर्व्हरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला होता. त्याच कंपनीने २०२२ मध्ये सांगितले, की आता आपण तयार सर्व्हर विकत घेतो. हजारोंनी मशीन लागणाऱ्यालाही ही उठाठेव परवडेनाशी झाली, तर एकच सर्व्हर घेणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी ती का करावी?

मात्र यावर एक बिनतोड आक्षेप आहे, आणि तो मोठ्या शहरात बसून सुचत नाही. ब्रँडेड सर्व्हर उघडून पाहिला तर त्याचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बरेचदा त्या कंपनीच्याच मापाचे असतात. असेंबल्ड मशीनचा एसएमपीएस जळाला तर बालाघाटच्या दुकानात किंवा जवळच्या गोंदियात दुसरा मिळून जातो आणि तासाभरात बसतो. ब्रँडेडचा भाग मात्र कंपनीनेच पाठवायला हवा, आणि तो कुठून येणार हे राज्याच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात गृहीत धरता येत नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. व्यापाराची वाट आजही गोंदिया-नागपूरकडे जाते, कागदोपत्री राज्य मात्र भोपाळचे. म्हणून वॉरंटीत ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी जागेवर दुरुस्ती’ असे छापलेले असले तरी ती सोय आपल्या पिनकोडला लागू आहे का आणि भाग कुठून येणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ते मिळाले तर तयार सर्व्हर घ्यावा. न मिळाल्यास वॉरंटीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. असेंबल करून घ्यावा, पण ईसीसीसह, आणि एक एसएमपीएस व एक डिस्क कपाटात राखून.

काही जण म्हणतील, हवाच कशाला सर्व्हर, सगळे क्लाउडवर टाकावे. ज्याच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट आहे, त्याने जरूर विचार करावा. पण लाइन गेली तरी काट्यावरची पावती थांबता कामा नये, अशा धंद्याला जागेवरचे मशीन लागतेच. क्लाउडचा खरा उपयोग तिथे बॅकअपसाठी. दोन डिस्कवर एकच माहिती लिहिली म्हणजे बॅकअप झाला, हा समज महागात पडतो. चुकून खोडलेली नोंद दोन्हीकडून एकाच वेळी जाते. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो आणि कंपनी कायद्याच्या नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. ७२ महिन्यांत कुठलेही मशीन, असेंबल्ड असो की ब्रँडेड, एकदा तरी दगा देईल हे धरूनच चालावे. तेव्हा बजेट कमी पडत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. यूपीएस, बॅकअप आणि दुरुस्तीची लेखी हमी यांना कात्री लावू नये.