रंगीत घड्याळाची पारख

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार या जुन्या पेठांत, कॅनॉटच्या दुकानांत किंवा प्रोझोन मॉलमध्ये पाचशे ते तीन हजार रुपयांच्या दरम्यानची, पोपटी, गुलाबी, निळ्या रंगांची जी मनगटी घड्याळे मांडलेली असतात, त्यांना ‘फॅशन घड्याळ’ म्हटले जाते, म्हणजे जे घड्याळ प्रामुख्याने वेळेसाठी नव्हे, तर पेहरावाशी मेळ साधण्यासाठी घेतले जाते ते. तरीही ते विकत घेताना गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न विचारते तो वेळ बरोबर दाखवते का, हाच. शहागंजचा घड्याळ-मनोरा उभा राहिला त्या निजामकाळात अचूक वेळ ही सार्वजनिक सोय होती आणि पुढे चावीच्या घड्याळांच्या जमान्यातही हा प्रश्न रास्त होता; आज मात्र घड्याळातील सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे अचूक वेळ, आणि म्हणूनच ती गुणवत्तेचा पुरावा मानता येत नाही. पारख करायची ती यंत्राभोवतीच्या साऱ्या गोष्टींची: केस, पट्टा, काच, डायल आणि खुद्द रंग.

अचूकता इतकी स्वस्त कशी झाली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. क्वार्ट्‌झ घड्याळात गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा नादकाट्याच्या आकाराचा एक सूक्ष्म तुकडा सेलच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनचा पंधरावा घात असल्याने इलेक्ट्रॉनिक परिपथ ती पंधरा वेळा निम्मी करतो, सेकंदाला नेमका एक विद्युत्‌स्पंद उरतो आणि त्या स्पंदावर छोटी मोटर एकेक पाऊल टाकत दातेरी चाकांमार्फत काटे फिरवते. जपानच्या सेको कंपनीने १९६९च्या डिसेंबरमध्ये असे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत एखाद्या लहान मोटारीएवढी होती. आज सिटिझन समूहाचे मियोटा २०३५ हे यंत्र, घड्याळजींच्या भाषेत ‘मशीन’, जगभरच्या असंख्य स्वस्त घड्याळांत बसवलेले असते आणि महिन्याला २० सेकंद पुढे-मागे एवढीच चूक त्याच्या निर्मात्याने गृहीत धरलेली आहे. चावीचे बऱ्यापैकी घड्याळ तेवढे एका दिवसात चुकू शकते. स्फटिकाचा मेळ साधारण २५ अंश सेल्सिअसला बसवलेला असतो व त्याहून फार उष्ण किंवा थंड हवेत तो किंचित मंदावतो, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या खोलीत महिनाभर पडून राहिलेले घड्याळ वीसेक सेकंद मागे पडणे स्वाभाविक आहे. मनगटावरच्या घड्याळाला अंगाची ऊब तुलनेने स्थिर मिळते, म्हणून नियमित वापरातले घड्याळ कपाटातल्यापेक्षा बरे चालते. वीसेक सेकंदांच्या फरकावरून घड्याळाला सदोष ठरवणे अन्यायाचे होईल.

यंत्र सर्वांना सारखेच मिळू लागल्यावर स्पर्धा दिसण्याकडे वळली. क्वार्ट्‌झच्या लाटेत मोडकळीस आलेल्या स्विस उद्योगाने १९८३ साली स्वॉच आणले: सुटे भाग ५१, केस प्लॅस्टिकची, यंत्र थेट केसमध्येच जुळवलेले, काच कायमची सांधलेली आणि रंगांची उधळण. ते दुरुस्त करण्याजोगे नव्हते, तसे ते असावे अशी अपेक्षाही नव्हती. भारतात बंगळुरूच्या एचएमटीने १९६१ पासून सिटिझनच्या साहाय्याने चावीची टिकाऊ घड्याळे घरोघरी पोहोचवली, तर १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाने स्थापन केलेल्या टायटनने क्वार्ट्‌झवर भर दिला आणि १९९८ मध्ये तरुणांसाठी फास्टट्रॅक हे नाव बाजारात आणले. परदेशी फॅशन-नावांची गोष्ट आणखी वेगळी आहे. कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अनेक कंपन्या घड्याळे स्वतः बनवत नाहीत. एम्पोरिओ अरमानी किंवा मायकल कॉर्स ही नावे असलेली घड्याळे अमेरिकेतील फॉसिल समूह परवान्याखाली तयार करत आला आहे. अशा घड्याळाच्या किमतीत नावाचा भाग किती आणि धातूचा किती, हा हिशेब गिऱ्हाइकाने मनात ठेवलेला बरा.

हिमरू वस्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला वस्तू तिच्या जातीच्या मापाने पारखण्याची दृष्टी नवी नाही. जरतारी किनखाबाची ऐट रेशीम-सुताच्या विणीतून कमी खर्चात देणारे हे वस्त्र पारखताना जाणकार त्याला किनखाबाच्या मापाने मोजत नाहीत. वीण किती घट्ट, धाग्याचा कस कसा आणि रंग पक्का की कच्चा, एवढेच पाहतात. स्वस्त घड्याळालाही हाच न्याय लावला पाहिजे.

घड्याळ प्रथम पालथे करावे. मागील झाकणावर बारीक अक्षरांत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे कोरलेले असते आणि पुष्कळांचा त्यावरून संपूर्ण घड्याळ पोलादी असल्याचा समज होतो. वस्तुतः त्याचा अर्थ केवळ झाकण पोलादाचे आहे एवढाच आहे. बाकीची केस अशा वेळी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते, जो कमी उष्णतेत वितळतो, साच्यात हव्या त्या आकारात ओतता येतो आणि त्यामुळे स्वस्त पडतो. काही झाकणांवर ‘बेझल बेस मेटल’ असेही प्रामाणिकपणे लिहिलेले आढळते. बेझल म्हणजे काचेभोवतीचे कडे आणि बेस मेटल म्हणजे हलक्या प्रतीचा धातू. अशा केसवर सहसा आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी सोनेरी, गुलाबी किंवा काळा दिसणारा मुलामा चढवतात. घामातील क्षार हा मुलामा खातात. सुरुवात नेहमी कडांपासून आणि पट्ट्याच्या जोडापासून होते, आधी तांबूस छटा डोकावते आणि मग खालचा धातू पांढुरका होऊन खरबरीत लागतो. लोहचुंबकाची परीक्षा इथे फसते, कारण जस्ताचा मिश्रधातू आणि घड्याळांसाठी वापरले जाणारे ३१६ एल जातीचे उत्तम पोलाद या दोहोंनाही चुंबक ओढत नाही. वजनावरही विसंबता येत नाही. ‘आयपी’ अशी नोंद असल्यास मुलामा निर्वात कक्षात, धातूच्या आयनांच्या साहाय्याने चढवलेला असून तो साध्या मुलाम्यापेक्षा अधिक टिकतो.

मुलामा झिजणे केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. निकेल उघडे पडले की अनेकांच्या मनगटावर लाल चट्टे उठतात व खाज सुटते; या त्रासामुळेच युरोपीय समुदायाने १९९४ साली त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटण्यावर दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. या पार्श्वभूमीवर प्लॅस्टिकच्या केसला नाक मुरडण्याची आपली सवय तपासून पाहण्यासारखी आहे. ज्या प्लॅस्टिकमध्ये रंग मुळातच मिसळलेला असतो, त्यावर ओरखडा पडला तरी आतही तोच रंग असतो. रंगवलेल्या धातूचा मात्र टवका उडतो. रंगीत घड्याळ हवेच असेल, तर चांगले प्लॅस्टिक हे वाईट धातूपेक्षा केव्हाही सरस.

पट्टा हा या घड्याळांचा सर्वांत आधी दगा देणारा भाग. कृत्रिम चामड्याचा पट्टा म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत आणि घामाने तो थर विघटित होऊन पापुद्रे सुटू लागतात, मग घड्याळ वापरात असो वा खणात पडून असो. सिलिकॉनचा पट्टा घामाला दाद देत नाही, परंतु त्याला धूळ चिकटते आणि पांढऱ्या किंवा फिक्या पट्ट्यावर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो. म्हणून पट्टा किती सुंदर आहे यापेक्षा तो बदलता येतो का, हा प्रश्न मोलाचा आहे. पट्टा अडकवण्याच्या दोन टोकांमधील अंतर १८, २० किंवा २२ मिमी असे प्रचलित मापाचे आणि मध्ये साधी स्प्रिंगची पिन असेल, तर कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही दुसरा पट्टा मिळतो. पट्टा केसच्याच आकारात खाचा करून बसवलेला असेल, तर तो तुटल्यावर कंपनीने त्या नमुन्याचे उत्पादन थांबवलेले असण्याचा संभव असतो आणि मग सुस्थितीतले घड्याळ केवळ पट्ट्याअभावी निकामी होते.

काचेबाबत थोडक्यात सांगता येते. ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात पण पॉलिशने जातात. मिनरल काच त्याहून कठीण, तरी धुळीतील वाळूचे कण तिच्याहून कठीण असल्याने तीही कालांतराने खराब होते. खरे सफायर या किमतीत अपवादानेच मिळते. पाण्याबाबतचा गैरसमज मात्र महाग पडतो. ‘३० मीटर’ याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात जाता येते असा नसून, तेवढ्या स्थिर दाबाला घड्याळ उतरले असा आहे. व्यवहारात ते हात धुताना उडालेले थेंब आणि पावसाची सर सोसते, पोहणे नाही. सेल बदलताना झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली नाही, तर तेवढेही संरक्षण उरत नाही.

डायल पाहताना भिंगाचा उपयोग करावा, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहावे. छापील आकड्यांच्या कडा फाटलेल्या नसाव्यात, बाराच्या खुणेवर दोन्ही काटे एका रेषेत यावेत, सेकंद काटा खुणांवर पडावा. तो थोडा हुकला तर यंत्र बिघडलेले नसते, परंतु जुळणी घाईची झाल्याचे ते लक्षण असते. काही डायलवर जे तीन छोटे गोल (पोटडायल) असतात, ते कधीकधी केवळ छापलेले चित्र असते. त्यांतले काटे हलत नसतील, तर ते अलंकरण आहे हे विक्रेत्याने सांगायला हवे, गिऱ्हाइकाने विचारायला हवे.

सेलची निवड हा दुर्लक्षित मुद्दा. अशा बहुतेक घड्याळांत ६.८ मिमी व्यासाचा ६२६ क्रमांकाचा सेल लागतो. त्यावर ‘एसआर’ असेल तर तो सिल्व्हर ऑक्साइडचा, ज्याचा १.५५ व्होल्टचा दाब अखेरपर्यंत जवळपास स्थिर राहतो. ‘एलआर’ असेल तर तो अल्कलाइन, जो स्वस्त पडतो, पण हळूहळू मंदावतो आणि संपल्यावर आतच राहिला तर गळून यंत्र खराब करतो. थोड्याशा बचतीसाठी घेतलेला अल्कलाइन सेल घड्याळाच्या मुळावर येतो.

उरला किमतीचा विचार. वैधमापन कायद्याखालील २०११च्या नियमांनुसार डबीवर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, छापील कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. मात्र कमाल किंमत कंपनीच ठरवत असल्याने ती फुगवून ‘सत्तर टक्के सवलत’ लिहिणे कठीण नसते, आणि सवलतीवरून वस्तूचे मोल ठरत नाही. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकले जाणारे घड्याळ हे बनावट असते. त्याला वॉरंटी नसते आणि त्याच्या धातूबद्दल कोणी उत्तरदायी नसते. रंगाच्या हौशीखातर जुन्या एचएमटीकडे वळणाऱ्यांनीही सावध असावे, कारण नव्याने रंगवलेल्या डायलची, परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखली जाणारी घड्याळे पुष्कळ विकली जातात. यंत्र अस्सल असले तरी पोपटी किंवा केशरी डायल कारखान्यातली क्वचितच असते, म्हणून ती जुन्या वस्तूच्या भावाने घेऊ नये.

पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड हाती असले, तर दोष निघाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांना तेथे शुल्क नाही. अर्थात हजार रुपयांच्या घड्याळासाठी आयोगाची पायरी क्वचितच कोणी चढते. त्यामुळे झाकण वाचण्याची, पट्ट्याचे माप विचारण्याची आणि कडेवरून बोट फिरवून पाहण्याची दोन मिनिटे काउंटरवरच खर्च केलेली बरी.