कलकत्त्याची डाकगाडी

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि तिकडे घोड्यांच्या टपालगाड्यांचा धंदा भरभराटीस आला. त्याच सुमारास कलकत्त्याहून ग्रँड ट्रंक रस्त्याने डाकगाड्या धावू लागल्या. पालखीसारखी पेटी चार चाकांवर बसविलेली. आत फळ्यांवर गादी पसरून उतारू आडवा होई, सामान छपरावर राही. काही मैलांवर घोडे बदलीत. ताजा घोडा हटून बसला, तर मोतद्दार त्याला चुचकारीत, ओढीत आणि अखेर चाकांनाच हात घालीत!

तिकडे ओढ सोन्याची, तर इकडे राणीगंजच्या कोळशाची. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ती राणीगंजला पोहोचली. डाकगाडीचा आरंभही आता तेथून होऊ लागला. १८५७ साली इंग्रज फौजा राणीगंजपर्यंत आगगाडीने आल्या. पुढे मात्र त्यांना बैलांचा व घोड्यांचाच आधार घ्यावा लागला.

रूळ जसजसे पुढे सरकले, तसतशी डाकगाडी मागे हटली आणि तिच्याबरोबर मोतद्दारांची रोजीही गेली. आज ‘डाक बंगला’ हा शब्द उच्चारताना त्या अनामिक कष्टकऱ्यांचेही स्मरण व्हावे.