बॅटरीवर सहा ओहम

उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस आले की बालाघाटात मोटार भरणाऱ्यांच्या दुकानापुढे जळलेले पंप येऊन पडतात. जळक्या वार्निशचा वास रस्त्यापर्यंत येतो. याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. शेतकऱ्याला तांब्याचा भाव कळतो तो मात्र या दुकानात.

मी बसलो होतो तिथे 3 हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार नव्याने भरून, सुकवून तयार होती. शेतकऱ्याला घाई होती. "भाऊ, लाइन देऊन पाहा ना एकदा."

"थांबा दादा, आधी तांबं पाहू द्या."

मिस्त्रीने 12 व्होल्टची बॅटरी मोटारीच्या तीनपैकी दोन टोकांना जोडली. वाटेत अँपिअर मीटर, आणि व्होल्ट मीटरच्या सुया थेट मोटारीच्या टोकांवर, म्हणजे जोडतारेतली घट हिशेबात येत नाही. दोन्ही आकडे त्याने एकाच क्षणी वाचले: 12.2 व्होल्ट, 2.03 अँपिअर. भागाकार 6 ओहम. मग उरलेल्या दोन जोड्या तपासल्या, तिथेही 6. एखाद्या जोडीचा आकडा कमी आला असता तर आत वेढे एकमेकांना चिकटलेत असा अर्थ झाला असता, आणि लाइन देताच सगळी मेहनत धुरात गेली असती. स्टार जोडणीत दोन टोकांमध्ये दोन फेज येतात, म्हणून एका फेजचा रोध 3 ओहम. हा आकडा थंड मोटारीचा. 25 अंशांवरचे 6 ओहम 75 अंशांवर सातच्या वर जातात. तो दोष नव्हे, तापलेल्या तांब्याचा स्वभाव आहे.

नंतर लाइन दिली. शेतावर पाणी ओढताना अशी मोटार 415 व्होल्टला साधारण 5 अँपिअर घेते. पुष्कळ जण इथेही 415 ला 5 ने भागतात आणि 83 ओहम काढतात. तो तारेचा रोध नव्हेच! फिरती मोटार स्वतःच उलटा दाब निर्माण करते. तो बॅटरीवर नसतो. वॅटसाठीही नुसता गुणाकार पुरत नाही: 1.732 × 415 × 5, आणि पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर सुमारे 2,875 वॅट. त्यातले 2,238 वॅट म्हणजे 3 हॉर्सपॉवर पंपाला मिळतात, बाकीची उष्णता होते.

मोटार जळते ती या उष्णतेने. हीटरचं गणित सरळ असतं: 230 व्होल्टला 1,000 वॅट देणारी कॉइल 180 व्होल्टला जेमतेम 612 वॅट देते, म्हणजे कमी तापते. पंपाचं उलट आहे. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्ट पडले की तो जास्त अँपिअर ओढतो. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. थंड मोटारीचा 3 ओहम रोध धरला तरी 5 अँपिअरला तिन्ही फेजच्या तांब्यात 225 वॅट, तर 6.5 अँपिअरला 380 वॅट. वरचं वार्निश ते किती दिवस सोसणार? अशा वेळी जास्त अँपिअरला लाइन तोडणारा स्टार्टरचा रिले वारंवार पडतो, आणि पाण्याची पाळी चुकू नये म्हणून शेतकरी त्याची मर्यादा वर चढवून ठेवतो. धान वाळताना पाहणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल दोष देणार नाही, पण मोटार तिथेच जाते.

म्हणून पंप बसवताना, पाणी ओढत असतानाच, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही मोजून घ्या; आणि रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा.