अकालजात बालके आणि त्यांचे गणित

अपुऱ्या दिवसांचे मूल जगले, बाळसे धरू लागले, चालूबोलू लागले, म्हणजे धोका टळला असे घरची माणसे मानतात. आणि बव्हंशी ते खरेही असते. परंतु तेच मूल तिसरी-चौथीत हातच्याच्या बेरजेपाशी अडखळू लागले, तर त्याचा संबंध आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या जन्माशी असू शकेल, ही गोष्ट शिक्षकांच्या सहसा ध्यानी येत नाही. त्या संबंधाचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्याकडील आधार पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात उपचार घेऊन घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ घेतला. बाराव्या वर्षी, कोणतेही उघड अपंगत्व नसलेल्या अशा १८० मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ आला; तुलनेसाठी घेतलेल्या ९० मुलांचा ९७.२. अकाली जन्मलेली आणि शिवाय दिवसांच्या मानानेही लहान असलेली मुले सर्वांत मागे होती. दृष्टी व हात यांच्या मेळात, वाचनात आणि गणितात उणीव आढळली. हे सरासरीचे आकडे आहेत, एकेका मुलाचे भविष्य नव्हे, हे विसरता कामा नये.

गर्भावस्थेचे अखेरचे तीन महिने मेंदूच्या दृष्टीने मोठ्या घडामोडीचे असतात. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. मज्जातंतूंवर मेदाचे वेष्टन चढविणाऱ्या पेशी चोवीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान अपरिपक्व असतात. प्राणवायूची कमतरता वा जंतुसंसर्ग यांचा आघात त्यांना सोसत नाही. परिणामी मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे श्वेत द्रव्य कमकुवत राहते.

मग फटका गणितालाच का बसावा? २००१ साली लंडनमधील संशोधकांना, गणनेत अडचण असलेल्या अकालजात किशोरांच्या डाव्या पार्श्वखंडात करडे द्रव्य कमी आढळले. हा भाग संख्याविचाराशी निगडित आहे. उलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात, बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांची संख्येची मूळ जाण शाबूत दिसली. उणी पडत होती ती कार्यस्मृती आणि अवकाशीय जाण. माझ्या मते या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही, कारण पार्श्वखंड ही दोन्ही कामे करतो. पण अध्यापनाच्या दृष्टीने दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. मुलाला संख्या कळते. ती मनात धरून ठेवता येत नाही.

मराठी मुलावर तर भार दुहेरी. 'अडतीस' ऐकताना आठ आधी कानी येतात, लिहिताना तीन आधी मांडावे लागतात. 'एकोणपन्नास' ऐकले की पन्नासातून एक वजा करायचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनाची जोड दिली गेली तेव्हा केवढे वादळ उठले! भाषेच्या अभिमानाची चर्चा पुष्कळ झाली. कार्यस्मृती दुबळी असलेल्या मुलाची फारशी झाली नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न व्यवहाराचा होतो. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी बालकाचे वजन व गर्भाचे आठवडे कागदावर नोंदले जातात. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र फक्त जन्मतारीख उतरते. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणी कुटुंबे हंगामात दूर कारखान्यावर असतात. तिकडे जन्मलेल्या मुलाचा तो कागद गावी पोहोचेलच असे नाही. त्यात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण लागतात. मार्चच्या मध्यावर अपेक्षित असलेले मूल डिसेंबरअखेरीस जन्मले, तर ते वर्षभर आधीच्या वर्गात बसते. मात्र उशिरा शाळेत घातल्यानेही उणीव भरून येत नाही. जर्मनीतील बव्हेरियात तसा लाभ दिसून आला नाही.

तेव्हा वय बदलण्यापेक्षा ओझे हलके करणे बरे: हातचा कागदावर मांडू देणे, मणी व काड्यांचे जुडगे हाताशी ठेवणे, तोंडी गणितात आकडे फळ्यावर लिहिणे. पालकांच्या संमतीने रुग्णालयातील नोंद आणि चौथीच्या मुलाची गणिताची वही शेजारी ठेवून पाहणे, हा आपल्या विभागातील विद्यार्थ्याच्या प्रबंधाला पुरेसा विषय आहे.