काळ्या दगडाची काच आणि काचेचा पुन्हा दगड

जाते, पाटा-वरवंटा, देवळाची पायरी, घराचा पाया आणि रस्त्याची खडी, या साऱ्यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच काळा दगड वापरात आला. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारस थरावर थर पसरत गेला. त्यापासून बनलेल्या खडकाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे व त्याची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते. या ओळखीच्या दगडापासून 'काच-सिरॅमिक' नावाचा पदार्थ कसा तयार होतो, ते या लेखात सांगण्याचा माझा विचार आहे. त्यातून एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी अशी इच्छा आहे: पदार्थाचे गुण केवळ त्यातील द्रव्यांवर ठरत नाहीत, त्याला उष्णता कोणत्या क्रमाने मिळाली यावरही ते ठरतात.

बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते. बाकीचा भाग मुख्यतः अ‍ॅल्युमिना, लोहाची ऑक्साइडे, कॅल्शियम ऑक्साइड आणि मॅग्नेशिया यांचा. हा दगड भट्टीत १३०० ते १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचा रस होतो. रस झटकन निवला तर अणूंना रचनाबद्ध होण्यास अवधी मिळत नाही आणि काळीभोर काच तयार होते. सावकाश निवला तर अणू ओळीने बसतात, स्फटिक वाढतात व पुन्हा दगड तयार होतो. कढवलेले तूप सावकाश थंड झाले तर रवाळ होते, घाईने थंड केले तर रवा धरत नाही. तसाच हा प्रकार.

एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. बेसाल्टसारखे खडक अग्निजन्य आहेत, असे त्यांचे मित्र जेम्स हटन यांचे मत होते. वितळलेल्या दगडाची काचच होईल, दगड होणार नाही, असा त्यावर आक्षेप होता. हॉल यांनी तेथील काळा दगड लोखंडाच्या ओतशाळेतील भट्टीत वितळवला, संथपणे निववून पुन्हा दगडासारखा केला आणि १७९८ मध्ये हे निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले.

मात्र नुसते संथ निववून मिळणारे स्फटिक मोठे व असमान असू शकतात. काच-सिरॅमिकमध्ये ते अतिशय बारीक आणि सर्वत्र सारखे हवे असतात. ही वाट १९५३ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी यांना अकस्मात सापडली. काचेची एक पट्टी त्यांना ६०० अंशांपर्यंत तापवायची होती. नियंत्रक बिघडल्याने भट्टी ९०० अंशांवर गेली. पट्टी वितळून गेली असेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात ती पांढरी, अपारदर्शक झाली होती आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. पुढे त्याच कंपनीतील बील व रिटलर यांनी बेसाल्टपासून केलेल्या काच-सिरॅमिकवरील संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

आता कृती पाहू. दगडाची भुकटी वितळवून रस साच्यात ओततात व त्याची काच करतात. ही काच पुन्हा तापवायची, पण दोन टप्प्यांनी. पहिला टप्पा ६५० ते ७०० अंशांच्या सुमारास. येथे अणूंना थोडेच हलता येते. त्यामुळे मॅग्नेटाइटचे असंख्य सूक्ष्म कण जन्मतात, पण वाढत नाहीत. दुसरा टप्पा ९०० अंशांच्या आसपास. येथे त्या कणांभोवती पायरॉक्सीन या खनिजाचे स्फटिक वाढतात. पहिला टप्पा गाळून घाईने वर गेलो, तर कण कमी जन्मतात आणि स्फटिक ओबडधोबड होतात.

यातली मेख लोहात आहे. मॅग्नेटाइटमध्ये एका फेरस अणूमागे दोन फेरिक अणू असतात. म्हणून वितळवताना पुरेसा ऑक्सिजन मिळून फेरिक लोह तयार झाले पाहिजे; नाहीतर कण धड जन्मत नाहीत. आपल्या दगडात मुळातच चुंबकीय खनिज असते. विद्यार्थ्यांनी दगडाच्या बारीक भुकटीतून चुंबक फिरवून पाहावा, काही कण त्याला चिकटतील.

तयार पदार्थ काचेपेक्षा चिवट का? काचेत तडा सरळ धावत जातो. येथे त्याला पावलोपावली स्फटिकाला वळसा घालावा लागतो. घर्षणाला तोंड देण्याचा गुण बेसाल्ट ओतून, काचेची पायरी न घेता, केलेल्या वस्तूंतही असतो. औष्णिक वीजकेंद्रांत राख वाहून नेणाऱ्या नळांना आतून अशा ओतीव बेसाल्टचे अस्तर देतात.

येथे एक सावधगिरीचा शब्द हवा. दगड स्वस्त असला तरी १३०० अंशांची उष्णता स्वस्त नाही. त्यामुळे खडीचे सगळे उद्योग उद्या काच-सिरॅमिककडे वळतील, असे मी म्हणणार नाही. पण क्रशरखाली साचणारी भुकटी हा या कामाचा अर्धा तयार कच्चा माल आहे, हे विसरू नये. टेकडी एकदा फोडली की परत उभी राहत नाही. ती फोडायचीच असेल, तर तिच्या दगडाचे खडीहून अधिक मोल कसे करता येईल, हा प्रश्न आपल्या भूशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या तिन्ही विभागांनी एकत्र बसून हाती घेण्याजोगा आहे. आरंभासाठी लागणारा दगड तर पायाखालीच आहे.